मोठं पातेलं

आमच्या टेकडीवर सकाळी रांगेत माणसं नसतात, पातेली असतात. खाली लिमा शहर धुक्यात बुडालेलं असतं आणि वर सामायिक चुलीपाशी घरोघरची भांडी एकामागे एक मांडलेली. केवढं पातेलं तेवढी माणसं, हा आमचा हिशेब. आणि जे घर जेवतं, त्या घरातल्या एका मोठ्या माणसाने आठवड्यातून एकदा चुलीवर राबायचं.

हा नियम दोन्या फेलिसितासचा; दोन्या म्हणजे आमच्याकडे 'बाई'. खालचा कारखाना बंद पडला त्या वर्षी तिनेच ही चूल मांडली. बाजारात उरलेली भाजी मागताना तिला कधी लाज वाटली नाही. आळशी माणसाचा मात्र तिला भारी राग.

यानिना ही वरच्या आळीतली दहा-अकरा वर्षांची मुलगी. रोज भलंमोठं पातेलं घेऊन यायची. तिच्या आईची चुलीवर राबायची पाळी दोनदा चुकली, तेव्हा दोन्या फेलिसितासने डाव खाली ठेवला.

"एवढं थोरलं पातेलं, आणि बटाटे सोलायला एक हात नाही? आईला म्हणावं, राणीसाहेब, उद्यापासून पालखी पाठवतो!"

बाया हसल्या. यानिना रिकामं पातेलं उचलून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ते पातेलं रांगेत नव्हतं. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी मसूर वाढताना दोन्या फेलिसितासचा हात मध्येच थांबला. तिने एक डबा भरला आणि धापा टाकत वरची आळी गाठली.

दार उघडंच होतं. यानिना धाकट्या भावाला साखरेच्या पाण्यात पाव बुडवून भरवत होती.

"आई कुठंय गं?"

"कामावर."

"आई लांब इकाला गेली," भाऊ म्हणाला. "द्राक्षं तोडायला. कधीची."

यानिनाने त्याला चिमटा काढला. दोन्या फेलिसितासने घरभर नजर टाकली. फळीवर एक छोटं पातेलं होतं, दोघांपुरतं.

"हे का नाही आणलंस, पोरी?"

"हे आणलं असतं तर तुम्ही ओळखलं असतं, मावशी. घरात मोठं माणूस नाही म्हणून. मग आम्हाला अनाथाश्रमात नेलं असतं. भावाला दुसरीकडे."

 दोन्या फेलिसितासने डबा पुढे केला. यानिनाने आधी भावाला वाढलं.

त्या दिवशीच बायांची बैठक झाली. एकटी राहणारी नेमेसिया रात्री मुलांकडे झोपायला तयार झाली. इकाला जाणाऱ्या मजुरांकडे त्यांच्या आईसाठी निरोप गेला. मग दोन्या फेलिसितास म्हणाली, "आजपासून पोरांच्या भांड्याला कामाची पाळी नाही. पोरांचं भांडं आधी भरायचं."

"मग उद्या सगळेच पोरांच्या हाती पातेली धाडतील!" कुणीतरी म्हणालं.

"धाडू देत. चार आळशी फुकट जेवले तर जेवले. मी एका पोरीला उपाशी परत पाठवलंय, आणि वर तुम्हाला हसवलंय."

कुणी हसलं नाही. त्या सकाळी हसणाऱ्यांत मीही होते.

सकाळी छोटं पातेलं आलं. यानिनाने ते सगळ्यात मागे ठेवलं. दोन्या फेलिसितासने उचलून पुढे आणलं. यानिनाने ते पुन्हा मागे नेलं आणि कुणी न सांगता बटाट्यांच्या टोपलीशी बसून सोलायला लागली.

"राहू दे गं, पोरी. तुला कामाची पाळी नाही."

"असू दे, मावशी."

तिने वर पाहिलं नाही. दोन्या फेलिसितास डाव हातात धरून उभी राहिली. मग तीही टोपलीशी बसली आणि त्या दिवशी वाढायचं काम दुसऱ्या कुणीतरी केलं.