थोरल्या जावेची नदी

धाकट्या जावेचं काही चांगलं झालं की सुमनताईंना जेवण गोड लागत नसे. हे त्या कबूल करत नसत, पण घरात सगळ्यांना माहीत होतं. विजयश्रीकडे नवा फ्रिज आला तेव्हा आठवडाभर त्या आपल्या जुन्या फ्रिजचं दार आपटत होत्या.

दोघींचे नवरे सख्खे भाऊ. बार्शीकडून कामाला म्हणून पिंपरीत आले आणि संत तुकाराम नगरात एकाच इमारतीत राहिले. सुमनताई खाली, विजयश्री वर. सुमनताई कंपनीतल्या पोरांना डबे करून द्यायच्या. त्यांचा गणराज आणि विजयश्रीचा ज्ञानेश एकाच आयटीआयला शिकले. मार्क गणराजला जास्त होते. तरी गणराज चाकणला शिफ्ट करत राहिला आणि ज्ञानेश कॅनडात, पार उत्तरेच्या टोकाला, खाणीतली मशिनं दुरुस्त करायला गेला. तेव्हापासून वरच्या मजल्यावर व्हिडिओ कॉलचा आवाज आला की सुमनताई मिक्सर लावायच्या.

मग ज्ञानेशनं आईला बोलावलं. विजयश्रीच्या नवऱ्याला, दत्तोबांना, हृदयाच्या त्रासामुळे डॉक्टरांनी विमान नको म्हणून सांगितलं होतं. विजयश्रीचे गुडघे दुखायचे, एकटीला जाणं शक्यच नव्हतं. ज्ञानेशनं दुसरं तिकीट काकूचं काढलं.

"ताई, तुम्ही सोबत असला की मला धीर येतो," विजयश्री म्हणाली.

सुमनताईंना ऐकू आलं ते एवढंच, की पिशव्या उचलायला कोणीतरी पाहिजे. तरी त्या गेल्या. आल्यावर जाऊ तिखटमीठ लावून सांगणार, त्यापेक्षा स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं बरं, असा त्यांचा हिशेब.

प्रवासभर विजयश्रीच्या तोंडी ज्ञानूच होता. ज्ञानूचं घर, ज्ञानूची गाडी, ज्ञानूचा साहेब. व्हँकुव्हरहून निघालेलं विमान व्हाइटहॉर्स नावाच्या लहानशा गावात उतरलं, तेव्हा सुमनताईंचे कान किटले होते. ज्ञानेशच्या गावाला जाणारं छोटं विमान थेट संध्याकाळी होतं. ज्ञानेशनं बजावलं होतं, कुठं जाऊ नका, आतच बसून राहा.

विमानतळ केवढा, तर आपल्याकडच्या एखाद्या एसटी स्टँडएवढा. विजयश्रीनं पाय लांब केले, शाल घेतली आणि म्हणाली, "आता ज्ञानूनं किचन केवढं मोठं घेतलंय ते बघालच तुम्ही."

सुमनताई उठल्या. "मी जरा पाय मोकळे करून येते."

"ताई, ज्ञानूनं सांगितलंय ना, बाहेर जाऊ नका म्हणून."

"तुला सांगितलंय. मला कुठं सांगितलंय?"

बाहेर ऊन होतं, पण हवा गार. समोर एका खांबावर एक जुनं, खरंखुरं विमान बसवलेलं होतं आणि वारा फिरला की तेही सावकाश तोंड फिरवायचं. सुमनताई ते बघत उभ्या राहिल्या. विमानतळ उंचावर, गाव खाली आणि गावाच्या पलीकडे नदी चमकत होती. पाठीवर पिशव्या टाकलेल्या दोन मुली पायवाटेनं उतरायला लागल्या. सुमनताईंनी पदर खोचला आणि स्वेटर, नऊवारी न् पोराचे जुने बूट अशा थाटात त्यांच्या मागं निघाल्या.

आयुष्यात त्या एकट्या कुठं गेल्या नव्हत्या. बाजारालाही नाही, कोणीतरी बरोबर असायचंच. उतारावर एकदा भीती वाटली. मग वाटलं, परत जाऊन त्या किचनचं ऐकायचं? त्या खाली गेल्या.

नदीचं पाणी हिरवंगार, ओढ जबर. काठावरच्या बाकावर एक म्हातारी बसली होती, रुंद चेहऱ्याची, केसांची वेणी घातलेली. तिनं सरकून जागा दिली. सुमनताईंनी पिशवीतून धपाटी आणि शेंगाचटणी काढली, निम्मं तिच्या पुढ्यात ठेवलं. म्हातारीनं खाल्लं, ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं तरी तिनं पुन्हा हात पुढं केला. तिनं डब्यातली लालचुटूक आंबट फळं दिली. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. सुमनताईंनी मराठीत तिला सगळं सांगून टाकलं: फ्रिज, मार्क, व्हिडिओ कॉल. म्हातारी मान हलवत राहिली. शेवटी तिनं सुमनताईंचा मोबाइल घेऊन त्यांचा नदीकाठचा फोटो काढला.

चढ चढून परत आल्या तेव्हा विजयश्री काउंटरपाशी रडत उभी होती. "मला एकटीला टाकून गेलात. इथं कोणाला काय विचारू मी?"

सुमनताईंना वाईट वाटलं. पण त्यांनी फोटो दाखवला, विजयश्री तो बघतच राहिली आणि तिचा चेहरा उतरला. तो उतरलेला चेहरा सुमनताईंना ओळखीचा होता. आरशात कितीदा पाहिला होता.

"माझ्या लेकाचा मुलूख," विजयश्री म्हणाली, "आणि आधी तुम्ही हिंडून आलात."

सुमनताईंना बरं वाटलं, अगदी पोटातून बरं वाटलं.

थोड्या वेळानं विजयश्री हळूच म्हणाली, "तुमचं बरंय ताई. गणराज रोज घरी येतो. दुसरी पाळी सुटल्यावर जिन्यात त्याची चाहूल लागते ना, तेव्हा मी जागीच असते. माझा पोरगा मी तीन वर्षांनी बघणार."

सुमनताईंनी जावेला हाताला धरून दारापर्यंत नेलं आणि खांबावरचं फिरतं विमान दाखवलं. दोघी वारा फिरायची वाट बघत उभ्या राहिल्या.

ज्ञानेशकडे महिना गेला. किचन खरंच मोठं होतं, आणि सुमनताईंना ते अजिबात आवडलं नाही.

परत आल्यावर श्रावणातल्या शेवटच्या शुक्रवारी विजयश्रीकडे बायका जमल्या. सुमनताई फुटाण्यांची परात घेऊन आत आल्या, तर विजयश्री रंगात आली होती. "मग काय, आम्ही दोघी नदीवर गेलो. एक म्हातारी भेटली, तिला धपाटी दिली..."

सुमनताईंचं डोकं सणकलं. पोरगा तिचा, घर तिचं, आणि आता नदीही तिचीच?

"विजू," त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, "तू नव्हतीस तिथं. तू खुर्चीत झोपली होतीस."

विजयश्रीनं फुटाणे वाटायला घेतले. त्यानंतर बरेच दिवस वरून चहाचं बोलावणं आलं नाही.

दिवाळी झाल्यावर सुमनताईंनी डब्यांना सुट्टी दिली आणि गणराजला सांगितलं, "मी हंपीला चाललेय. एकटी."

"एकटी? कशाला?"

"बघायला."

निघायच्या दिवशी विजयश्री गुडघ्यावर हात ठेवत जिना उतरून आली. बॅगेकडे बघत म्हणाली, "पुढच्या खेपेला मलाही न्या."

"बघू," सुमनताई म्हणाल्या आणि रिक्षात बसल्या.