तोंडावरचा पदर

नातसुना हल्ली टीव्हीसमोर बसल्या की मला माहिती देतात: ही नटी आधी नाच शिकली, मग हिला मालिका मिळाली. जणू जगात पहिल्यांदाच घडलं. मी म्हणते, बायांनो, तुमचा टीव्ही यायच्या कितीतरी आधी आमच्या कोरीट गावात रमिला नाचता नाचता नटी झाली. आणि तिला कोणी काही दिलं नाही, तिनं ते हिसकावून घेतलं.

रमिला माझ्या शेजारची सून. घर गुजरांचं, केळी-कापसाचं. सासरे पितांबर आबा गावच्या पंचांत पहिले. नवरा शांतीलाल पेटी छान वाजवायचा आणि भांडण दिसलं की गल्ली बदलायचा.

नवरात्रात चौकात गरबा व्हायचा. आम्ही सुना एरवी नाकापर्यंत पदर ओढून वावरणाऱ्या. सासऱ्याला तोंड दिसलं की घराची लाज गेली म्हणायचे. मग नाचायचं कसं? त्यावर गावानं तोड काढली होती. म्हातारी मंडळी ओट्यावर येऊन बसत, पण चौकाकडे पाठ करून. त्यांची पाठ फिरली की आमचे पदर कमरेला. रमिलाचा फेर तर बघत राहावा असा. गिरकी घेताना अंग फिरायचं, पण नजर जिथं ठेवलीय तिथून हलायची नाही.

गावात नाटक मंडळही होतं. कापसाची वेचणी आटोपली की शाळेच्या पटांगणात नाटक व्हायचं. नायिका कोण, तर आमचे हे. भिला. या वयात नाव घ्यायला मला कसली लाज! माझंच हिरवं लुगडं नेसून उभे राहायचे. पण बाप जिवंत असताना मुलानं मिशी काढायची नाही, आणि माझे सासरे छगन आबा ठणठणीत. त्यामुळे आमची नायिका अख्खं नाटक तोंडावर पदर धरून बोलायची, आणि गावाला त्याची सवय झाली होती.

सत्तावन्न साली शाळेतल्या गुरुजींनी नवं नाटक लिहिलं. त्यात सासरा सुनेवर दागिने चोरल्याचा आळ घेतो, आणि शेवटी भर अंगणात सून त्याला विचारते, "माझ्या तोंडाकडे बघून सांगा, मी चोर आहे का?" तालमीत ह्यांनी ते पदराआडून विचारलं. शांतीलालला हसू आवरेना, पेटी बंद पडली. कोणीतरी ओरडलं, आधी तोंड तर दाखव. हे तणतणत घरी आले, लुगडं माझ्या अंगावर फेकलं आणि म्हणाले, आता मेलो तरी बाई होणार नाही.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर मी हे रमिलाला सांगितलं. वाटलं, हसेल. ती हसली नाही. घागर खाली ठेवून म्हणाली, "ते काम मी करसू."

शांतीलालच्या तोंडचं पाणी पळालं, पण मंडळापुढे दुसरा इलाज नव्हता. गावात बोंबाबोंब झाली. पितांबर आबा चावडीवर चारचौघांत म्हणाले, "मन्हा घरनी अब्रू इनी चोरी." सुनेला चोर म्हणाले, तेही गावासमोर. संध्याकाळपर्यंत ते तिच्या कानावर आलं. सासू पार्वतीबाई रडून रडून सांगत होत्या, माघार घे, घर फुटेल. रमिलाचं म्हणणं एकच: चोर ठरवलंच आहे, तर आता चोरून काही करायची नाही. जे करीन ते उघड्यावर करीन. मला मनातून भीती वाटली आणि तिचा फार हेवाही वाटला.

पंचांनी विचार केला. नाटक बंद पाडलं तर तरुण पोरं ऐकणार नाहीत. त्यापेक्षा ती आली की सगळ्यांनी पाठ फिरवायची. भर गावात असा अपमान झाला की आपोआप पळेल.

दिवेलागणीला नाटक सुरू झालं. रमिला आली ती सासरे समोर म्हणून तोंडावर पदर घेऊनच. तिला बघताच पितांबर आबा उठले, खुर्ची उलटी फिरवली आणि बसले. मागोमाग पुढच्या सगळ्या खुर्च्या करकरल्या. शांतीलालची बोटं पेटीवर तशीच राहिली.

रमिला त्या पाठींकडे बघत उभी राहिली. बायकांच्या बाजूला बसून मीही बघत होते, आणि एकदम माझ्या डोक्यात उजेड पडला. या पाठी आमच्या चांगल्या ओळखीच्या! दर नवरात्रात ओट्यावर याच तर असतात! शहाण्या पंचांना एवढं कळलं नाही.

रमिलानं पदर खाली ओढला, कमरेला खोचला आणि नवऱ्याला सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "त्या पाठ करी बठनात. नवरातमा बी असाच बठतस. पेटी वाजाडा."

आधी आम्ही बायका हसलो, मग सगळं पटांगण हसलं. पंच पुरते अडकले. वळून बघावं, तर सुनेचं उघडं तोंड बघितल्याचं पाप त्यांच्याच माथी. उठून जावं, तर हरल्यासारखं दिसणार. शेवटपर्यंत बिचारे शाळेच्या कुंपणाकडे तोंड करून बसले. आणि रमिलानं काय काम केलं! आमचे पुरुष रंगमंचावर खांब रोवल्यासारखे उभे राहायचे. हिनं गरब्यासारखं फिरून सगळी जागा आपली केली आणि शेवटचा प्रश्न नजर न हलवता विचारला.

पुढे ती वर्षानुवर्षं ते काम करत राहिली. शहाद्याला, अक्कलकुव्याला बोलावणी आली. जीपनं वर डोंगरात मोलगीलाही गेलो. तिथल्या माणसांना आमची पुस्तकी मराठी कुठली कळायला, पण तिनं विचारलं की तेही टाळ्या वाजवायचे. आमचे हे सासऱ्याचं काम करू लागले. मिशीचं सोनं झालं एकदाचं.

कोरीटात नाटक असलं की पितांबर आबा सगळ्यांत आधी येत आणि खुर्ची उलटी करून बसत. बाकीचे पंच एकेक करून सरळ बसू लागले, आबा नाही. रमिला मला म्हणायची, "मोलगीनी टाळ्या दिन्ह्यात, पण चावडीवरना शब्द आजून तठेच शे." चोर म्हटलेलं आबांनी कधी परत घेतलं नव्हतं.

सहासष्ट साली आबा काठी टेकत आले. नेहमीप्रमाणे खुर्ची उचलली, थोडा वेळ तशीच धरून उभे राहिले, आणि रंगमंचाकडे तोंड करून बसले.

बायकांच्या बाजूला बसलेल्या आम्हा सगळ्या सुनांचे हात आपोआप पदराकडे गेले. रमिलाचाही गेला. मला वाटलं, संपलं, आता ओढणार. हात पदरापर्यंत गेला आणि रिकामाच खाली आला.

नाटक शेवटाला आलं. हे सासरा होऊन समोर उभे होते, पण ती त्यांच्याकडे वळलीच नाही. सरळ पुढे आली आणि पितांबर आबांवर नजर ठेवून तिनं विचारलं, "माझ्या तोंडाकडे बघून सांगा, मी चोर आहे का?"

सून घरात आल्यापासून आबांनी पहिल्यांदाच तिचं तोंड पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"नही," ते पुटपुटले.

दुसरी एखादी तेवढ्यावरच पाया पडली असती. रमिला जागची हलली नाही.

"मोठ्यानं सांगा," ती म्हणाली. "चावडीवर म्हणालात, तेवढ्या मोठ्यानं."

हे वाक्य नाटकात नव्हतं. पितांबर आबा काठीवर भार देऊन उभे राहिले, गावाकडे वळले, आणि त्यांनी मोठ्यानं सांगितलं.