फुकटचं निंदण

पाकिस्तानशी लढाई पेटली तेव्हा भाऊ सरहद्दीवर होता आणि वहिनी बाळंतीण. मेहकरजवळच्या आमच्या शेतात कपाशीच्या पऱ्हाटीपेक्षा गवतच उंच झालं होतं. गावात निंदणाची सावड चाले: आज सगळ्या बायका एकीच्या शेतात, उद्या दुसरीच्या. ज्या घरची बाई येत नाही, त्या घराला सावड नाही. मी नागपूरच्या इंग्रजी शाळेतून शिकून नुकतीच परतले होते आणि घराबाहेर फारशी बोलत नसे.

बायकांची पुढारीण असलेल्या शेजारच्या काकू घरी आल्या. "फौजीचं घर हाये. आमी फुकट निंदून देतो, तेवढंच पुन्य."

वहिनी बाजेवरूनच म्हणाली, "पुन्य नाही पाहिजे मले. सावड द्या."

"पन तुह्या घरून कोन येईन वं? हे मॅडम? हिले तन कोनतं अन् पऱ्हाटी कोनती, समजते काय?"

"मी येईन," मी म्हटलं. माझा आवाज मलाच नवा वाटला.

पहिल्या दिवशी काकूंच्याच शेतात मी गवताबरोबर पऱ्हाटीही उपटली.

"काऊन वं, दुश्मनानं धाडलं का तुले?" काकू ओरडल्या. सगळ्या हसल्या. मी खाली मान घालून निंदत राहिले. संध्याकाळी हाताचे फोड फुटले. तरी सावडीचा एकही दिवस मी चुकवला नाही.

आमची पाळी आली तेव्हा सगळ्या हजर होत्या. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर उभ्या राहून काकू म्हणाल्या, "फौजीच्या घरासाठी आलो बरं आमी!"

"नाही काकू," मी म्हटलं, "मी तुमच्याकडे आले होते, म्हणून आलात."

आणि खुरपं घेऊन त्यांच्या शेजारी निंदायला बसले.