पैलवान नर आहे, असं दुकानवाला म्हणाला

फिशटँकच्या तळाशी गाळ साचतो तसे हे किस्से साचलेत. कितीही उपसा, आठवड्यात परत तेवढेच! आणि सगळे एकाच माशावरून. शाळेत मी फार गेलो नाही, पण माणूस फेकायला लागला की मला लगेच कळतं. माशाचं कळत नाही. तो बोलतच नाही.

*

परळच्या एका दुकानातून घेतला. लालभडक, डोक्यावर हे एवढं टेंगूळ.

"काका, फ्लॉवरहॉर्न. शंभर टक्के नर," दुकानवाला म्हणाला.

"कशावरून?"

"टेंगूळ बघा ना! मादीला एवढं येत नाही."

"टेंगूळ आमच्या दत्तारामलापण आहे. जिन्यावरून पडला तेव्हाचं."

"त्या काकांची गॅरंटी मी देत नाही!"

नाव ठेवलं पैलवान.

*

खाणं आणायला परत गेलो, तर पैलवानाचेच भाऊ बाजूच्या टाकीत आणि वर पाटी 'पॅरट फिश'! माझी सटकली.

"अरे, परवा हे फ्लॉवरहॉर्न होते ना?"

"काका, मिक्स असतं. दोघं एकाच खानदानातले."

"मग माझा नक्की कोण?"

"तुमचा चांगला आहे!"

ह्याला उत्तर म्हणतात?

*

शेजारचा कांबळे हॉस्पिटलातून रिटायर झालेला. मोबाईलवर मासे पाळणाऱ्यांचा ग्रुप आहे त्याचा. पैलवानाचा फोटो टाकला. एक म्हणाला फ्लॉवरहॉर्न, नर. दुसरा म्हणाला पाठीच्या पंखावर काळा डाग आहे, म्हणजे मादी. तिसरा म्हणाला डाग नाही, काच घाण आहे.

मी काच पुसली. डाग थोडा गेला, थोडा राहिला!

*

दत्ताराम दोन खोल्या सोडून राहतो. मूळचा मालवणचा, जन्मभर बाजारात मासा दाबून घेतलेला माणूस. म्हणाला, "फोटो कित्याक व्हयो? पोटात गाबोळी, अंडी आसली तर हाताक लागता." बाही वर केली आणि टाकीत हात घातला. पोट दाबायच्या आत पैलवानाने अंगठा फोडला.

"नरच आसा!" दत्ताराम अंगठा चोखत ओरडला. "काय ताकद!"

कांबळे म्हणाला, "माझी बायको पण चावते. नर झाली का?"

*

दत्तारामला घाई होती, कारण त्याच्याकडे तसलाच मासा. राणी. ही मादीच, असं तो छातीवर हात ठेवून सांगायचा. त्याला पिल्लं हवी होती. म्हणे, जोडी लावूया.

मला शंका. हे मासे महाभांडखोर. दोन्ही नर निघाले तर एक मरणार, आणि माझ्या घरात मी आणि पैलवान सोडून तिसरं कोणी नाही. हा पिल्लांच्या नादात माझा मासा मारायला निघालाय की काय?

शेवटी कांबळेने तोड काढली. माझ्या टाकीच्या मध्ये काच उभी केली. इकडे पैलवान, तिकडे राणी. दोघं गाल फुगवून काचेला धडका मारायला लागली.

"हे प्रेम की भांडण?" मी विचारलं.

"सुरुवातीला सेमच दिसतं," कांबळे म्हणाला.

*

मग ती सकाळ. मी खाली चहाला गेलो, दत्ताराम टाकीसमोर बसला होता. वर येतो तर टाकीतल्या मातीच्या कुंडीवर दाणे दाणे. अंडी! आणि ती काचेच्या अलीकडे, पैलवानाच्या बाजूला!

मी दत्तारामची कॉलर धरली. "खरं सांग, तूच टाकलीस ना?"

"खंयसून टाकू? पोटातून?"

कांबळे धावत आला, त्याने वाकून बघितलं. "अरे सोड त्याला. पैलवान बाई आहे."

मी मटकन खाटेवर बसलो. दत्ताराम राणीकडे निरखून बघायला लागला. माझा शंभर टक्के नर जर मादी, तर त्याच्या राणीचं काय?

"काच काढूया," कांबळे म्हणाला. "राणी नर असेल तर अंड्यांवरून फिरेल. पिल्लं होतील."

"आणि माझ्या पैलवानाला फाडलं तर?"

"जाळी हातात धरून उभा राहा."

राहिलो. काच वर गेली. राणी सरळ कुंडीकडे आली. पैलवान फुगला, मग काय वाटलं कोणास ठाऊक, जरा बाजूला सरकला. राणी कुंडीला पोट घासत हळूहळू पुढे गेली. आम्ही तिघं टाकीला नाक लावून.

तिच्यामागे कुंडीवर नव्या अंड्यांची रांग उमटली!

कांबळेने कपाळावर हात मारला. आणि दत्ताराम खुर्चीवर चढून अख्ख्या चाळीला ऐकू जाईल असा ओरडला, "मी काय सांगत होतंय? माझी मादीच आसा!"