पुठ्ठ्याचा वड

माझं लग्न वैशाखात झालं, कारण सासूबाई होळीनंतर अचानक गेल्या आणि वर्षाच्या आत उरकलं नाही तर तीन वर्षं थांबावं लागेल, असं वडीलधाऱ्यांचं मत पडलं. मी त्यांना एकदाच पाहिलं होतं, मला बघायला चांदवडला आल्या होत्या तेव्हा. सातपूरच्या त्या कामगार कॉलनीत मी आले तेव्हा घरात आम्ही तिघंच. नवरा सकाळी पिंपळगावच्या कोल्ड स्टोरेजला जायचा, तो संध्याकाळी परतायचा. दिवसभर मी आणि सासरे. ते कारखान्यातून नुकतेच निवृत्त झालेले. 'वाढ', 'पुरे', 'दार लाव' एवढंच बोलायचे. मला वाटे, माझं काहीतरी चुकतंय.

दिवाळीच्या सुट्टीत कॉलनीतली मुलं दरवर्षी नाटक करायची. समोरच्या ब्लॉकमधल्या बालवाडीच्या बाई ते लिहून बसवायच्या. त्या वर्षी नाटकात एक वड होता. लाकूडतोड्या तो तोडायला येतो आणि गावातली पोरं अडवतात, अशी गोष्ट. बाई एका दुपारी आमच्याकडे आल्या.

"भाऊ, दरवर्षी तुमचे आकाशकंदील बघतो आम्ही. एक झाड करून द्या."

"या वर्षी आमच्याकडे सण नाही," सासरे म्हणाले.

"कंदील नकाच लावू. झाडाला कसला आलाय सण?"

रात्री जेवताना सासरे नवऱ्याला म्हणाले, "द्राक्षाचे खोके मिळतील का रे? गेल्या हंगामातले, फाटके असले तरी चालतील."

खोके टेम्पोतून आले. सासऱ्यांनी ते उलगडून जोडले, खोडाला वळण दिलं, सुतळ्यांच्या पारंब्या सोडल्या. मी मैद्याची खळ शिजवून द्यायची. पहिली पातळ झाली; त्यांनी माझ्या हातातली पळी घेतली आणि कशी घोटायची ते न बोलता दाखवलं. पानांना कागद कमी पडला, तेव्हा त्यांनी स्वतःच सासूबाईंची ट्रंक उघडली. कंदिलांसाठी जपून ठेवलेला पोपटी आणि हिरवा घोटीव कागद तिच्यात होता. थोडा वेळ तो मांडीवर धरून बसले. मग मला म्हणाले, "काप. कडेने वाया घालवू नकोस."

नाटक भाऊबीजेला संध्याकाळी, पाण्याच्या टाकीजवळच्या मोकळ्या जागेत होतं. वारा सुटला आणि वड डोलायला लागला. मग सासरेच त्याच्या मागे जाऊन आधार देत उभे राहिले. समोरून त्यांच्या फक्त चपला दिसत होत्या.

लाकूडतोड्या झालेला मुलगा कुऱ्हाड उगारून पुढे आला आणि विसरला. बाई बाजूने कुजबुजत होत्या, पण त्याला ऐकू येईना. त्याचे डोळे भरायला लागले. तेवढ्यात वड बोलला.

"अरे, एवढ्या उन्हाचा आलास. आधी सावलीत बस, मग कुऱ्हाड चालव."

मुलगा दचकून वर बघत म्हणाला, "तू बोलतंस?"

"तू गप्प बसलास. मग कुणी बोलायचं?"

लोक असे हसले की माझ्या शेजारी बसलेल्या आजींच्या हातातली करंजी खाली पडली. मुलगाही हसला, त्याला वाक्यं आठवली. पण आता त्याला झाडाशीच बोलायचं होतं. त्याने वडाला वय विचारलं, भूक लागते का विचारलं, आणि सासरे उत्तरं देत राहिले. बाईंनी हातातले कागद मिटून ठेवले. माझा नवरा मागे उभा होता. वडिलांचा हा आवाज त्याने कितीतरी महिन्यांनी ऐकला असावा. तो हसत नव्हता, नुसता बघत होता.

घरी आल्यावर सासऱ्यांनी चहा मागितला. कप हातात घेऊन म्हणाले, "ती असती तर म्हणाली असती, झाडसुद्धा तुमच्यासारखं खेकसतं."

हसावं की नाही, मला कळेना. ते स्वतःच हसले, मग आम्हीही. त्यांनी मला पाटावर बसायला सांगितलं आणि सासूबाईंबद्दल बोलायला लागले: त्यांना कात्री धड धरता यायची नाही, पण रंग त्याच निवडायच्या, जिने चढताना गाणी म्हणायच्या, मला बघून परतताना एसटीत म्हणाल्या होत्या, पोरगी बोलकी वाटते, घरात बरं होईल.

"मी बोलकी आहे, बाबा," मी म्हणाले. "तुम्ही बोलत नव्हता म्हणून गप्प होते."

"मग बोलत जा," ते म्हणाले आणि रिकामा कप माझ्याकडे दिला.