‘ज्ञ’चा उच्चार

माझं माहेर सीमेवरच्या अच्छाड नाक्यापलीकडलं, गुजराती. मसोलीत सून होऊन आले तेव्हा मराठी वाचताना मी ‘विज्ञान’ला ‘विग्नान’ म्हणायचे. आमच्याकडे तसंच म्हणतात. हे सायवनच्या शाळेत मास्तर. घरी आले की मला समोर बसवून मासिकं वाचायला लावायचे आणि ओळीओळीला अडवायचे, "ग्न नाही, द्न्य!" चाळीस वर्षं झाली. माझा उच्चार केव्हाच सुधारला, पण यांची खोड गेली नाही. पाहुण्यांसमोरसुद्धा माझं मराठी तपासायचे. मी मनातल्या मनात चरफडायचे.

यंदा यांना अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली. डोळे उघडे असायचे, पण आपलं काही पोचतंय का ते कळेना. डॉक्टर म्हणाले, "रोज ओळखीचं काहीतरी वाचून दाखवा. आठवड्यानं बघू."

सोमवारी कपाटातले जुने दिवाळी अंक काढले. एक कथा वाचली, मग एक प्रवासवर्णन, त्यातला लेखक कुठे पोचायचं नावच घेईना. मंगळवारी पाककृती. कुणा बाईंनी उंधियूत टोमॅटो घातला होता. मी तिथल्या तिथे त्यांचा उद्धार केला. एरवी हे पोट धरून हसले असते. आता हनुवटीवरून लाळ तेवढी ओघळली. ती पुसली आणि पान उलटलं.

बुधवारी मला युक्ती सुचली. यांचंच शाळेतलं विज्ञानाचं पुस्तक घेतलं आणि मुद्दाम मोठ्यानं वाचलं, "विग्नान." मग थांबून यांच्या भुवईकडे बघत राहिले. माझी चूक ऐकली की आधी भुवई चढायची, मग तोंड उघडायचं. भुवई हलली नाही. "ग्नान. आग्ना. प्रतिग्ना." गुरुवारी तर पुस्तकात नसलेले शब्दही घुसडले. वेड्यासारखी ओरडत होते मी.

शुक्रवारी लेक आली. माझं वाचन ऐकून स्वयंपाकघरातून म्हणाली, "आई, ग्न काय गं? द्न्य!" अगदी बापाचा सूर. माझ्या अंगाची लाही लाही झाली. "तुला कुणी विचारलं? तू गप्प बस!" ती बाहेर आली. माझ्याकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं आणि तिला कळलं. माझ्या शेजारी बसून खूप रडली. मला रडू आलं नाही. राग आला, तोही यांचाच.

शनिवारी डॉक्टरांनी विचारलं, "काही फरक?" मी म्हटलं, "नाही." त्यांनी मान हलवली आणि गोळ्या तशाच चालू ठेवायला सांगितल्या.

रविवारी मी पुस्तक उघडलंच नाही. यांच्या उशाशी बसून गुजरातीत बोलायला लागले, लग्नानंतर यांच्याशी पहिल्यांदाच. आईचं, बहिणींचं, यांच्याबद्दलच्या सगळ्या तक्रारी, दुपारभर बोलत होते. यांनी एकदाही अडवलं नाही.