मधुकररावांची मोटारसायकल

मधुकरराव दुसऱ्याच्या कामाला ‘आपण’ म्हणत. प्लंबर घामाघूम होऊन निघून गेला की ते कॉलनीत सांगत, “आपण आज पाइप बदलला.” बायकोने पापड केले की “आपण उडदाचे केले यंदा.” आदिलाबादच्या महसूल दफ्तरात त्यांची सारी नोकरी झाली. स्वतःच्या हाताने त्यांनी सहीखेरीज काही केल्याचं मला आठवत नाही. तीही आधी रुमालाने टेबल पुसून.

आमची घरं भिंतीला भिंत लागून. मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा विषय शिकवत असे, म्हणून ते मला सर म्हणत. त्यांचे वडील, बापू, जैनथकडची शेती बटईने कसायला देऊन मुलाकडे राहायला आले, तेव्हा सोबत आपली साडेतीनशे सीसीची जुनी मोटारसायकलही घेऊन आले होते. कापसाच्या दिवसांत बापू तिच्यावरून मंडीत येत, आणि तिचा आवाज ऐकून दलाल चहा सांगत, असं जुने लोक म्हणायचे. मधुकररावांनी ती मागच्या अंगणात उघड्यावर ठेवली. पुढं तिच्या हँडलवर पोती वाळू लागली.

बापू संध्याकाळी भिंतीपाशी येऊन उभे राहत. “सर, हिचा आवाज एकडाव आयकला का झालं. बाकी मले काई नको.”

मी दोनदा पान्यांची पेटी घेऊन गेलो. दोन्ही वेळा मधुकररावांनी मला दारातच अडवलं. “राहू द्या सर. अंगणात ऑइल सांडतं. प्रत्येक गोष्टीची एक पद्धत असते.” बापू आत खाटेवर बसून हे ऐकत होते. नंतरच्या उन्हाळ्यात ते गेले. गाडी होती तिथेच होती.

वर्षभराने दफ्तरात नवे साहेब आले. त्यांना जुन्या गाड्यांचा शौक. मैदानावर जुन्या गाड्यांचं प्रदर्शन ठरलं, आणि त्याच संध्याकाळी मधुकरराव माझ्या दारात उभे. “सर, बापूंची आठवण आहे ती. तिला नवजीवन द्यायचं आपण.”

मला त्यांची किळस आली. तरी मी हो म्हणालो, ते बापूंसाठी.

चार महिने माझे रविवार त्यात गेले. सायलेन्सरमध्ये कुंभारीण माशीने मातीचं घर केलं होतं. हेडलाइटमध्ये उंदराची पिल्लं निघाली. टाकीत खडी आणि डिझेल घालून ती हलवत बसलो, तेव्हा चहासारखा लाल गंज बाहेर पडला. क्लचच्या प्लेटा एकमेकींना अशा चिकटल्या होत्या की त्या सोडवताना माझी नखं फाटली. मधुकरराव खुर्ची टाकून बसत. फोटोपुरता पाना हातात घेत, तोही उलटा.

टाकीच्या दोन्ही अंगांना बापूंच्या गुडघ्यांनी रंग घासून गेला होता. आतला पत्रा आरशासारखा गुळगुळीत झाला होता. मी म्हणालो, “एवढं राहू द्या.”

“जुनं दिसतं सर,” ते म्हणाले, आणि पेंटरकडून त्यावर काळा रंग मारून घेतला.

ज्या दिवशी इंजिन सुरू झालं, त्या दिवशी मी भिंतीकडे पाहत बराच वेळ उभा होतो. मधुकरराव धुराने खोकत आत गेले.

प्रदर्शनात त्यांनी भाषण केलं. वडिलांची सेवा, स्वतःच्या हातांची मेहनत, झिजलेली नखं. नखंसुद्धा माझीच घेतली. साहेबांनी टाळी वाजवली आणि तेलुगूत म्हणाले, “एक चक्कर मारून दाखवा.”

मधुकररावांनी माझ्याकडे पाहिलं. मी हाताची घडी घालून उभा राहिलो. ते गाडीवर बसले, किक मारली. किक उलटी आली आणि नडगीवर बसली. दुसऱ्यांदा त्यांचा पाय घसरला. लोक हसले. मीही हसलो, आणि मला फार बरं वाटलं. शेवटी साहेबांच्या ड्रायव्हरने एका किकेत गाडी सुरू केली आणि मैदानाला फेरी मारून आणून दिली.

परतताना ते म्हणाले, “सर, घेता का गाडी घरी?”

“तुमची गाडी आहे. तुम्ही न्या.”

ते ढकलत निघाले. मी मागून चालत होतो. रेल्वे फाटकाच्या पुढं रस्ता सरळ आणि रिकामा आहे. तिथं ते थांबले. पांढरी पँट ऑइलने माखली होती. दफ्तरी मराठी सोडून ते पहिल्यांदाच घरच्या बोलीत बोलले.

“मले चालवताच येत नाई, सर. बापूनं कदी हात लावू नाई देल्ला. मंडीत समद्याइसमोर म्हणत, याच्यानं सायकल नाई चालत, हा काय गाडी चालवीन. मी तवा नोकरीले लागलेला होतो.” त्यांनी नडगी चोळली. “अंगणात सडून राह्यली होती न, मी रोज सकाळी उठून पाहो. बरं वाटे मले.”

भिंतीपाशी उभे राहणारे बापू मला माहीत होते. हे बापू मला माहीत नव्हते. पण खोटं वाटलं नाही.

क्लच कसा सोडायचा हे शिकवायला अर्धा तास लागतो. मी आयुष्यभर पोरांना तेच शिकवलं. रस्ता मोकळा होता, टाकीत पेट्रोल होतं, आणि ते हँडल धरून माझ्याकडे पाहत होते. मागत नव्हते, नुसते पाहत होते.

“चला,” मी म्हणालो, “ऊन वाढून राह्यलं.”

निवृत्त होऊन ते हैदराबादला मुलीकडे गेले. टेम्पोत गाडी चढवल्यावर निरोप घ्यायला आले. दारात उभ्यानेच म्हणाले, “सर, तिकडं गाडी शिकवणारे असतात म्हणे. मोठ्या माणसांनाही.”

“असतील,” मी म्हणालो, आणि ते अजून उभे असतानाच दार लावून घेतलं.